क्वेरीसिलेक्टरऑल: साडेतीन स्टार, अर्धा कापला पावामुळे

इतकी वर्षं वेबसाइटच्या कोडसाठी जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी वापरली, मागच्या महिन्यात काढून टाकली आणि ब्राउझरमधलंच क्वेरीसिलेक्टरऑल धरलं (पानावरचे हवे ते भाग शोधून त्यांची यादी देणारी कमांड), म्हणून हा रिव्ह्यू. मिनिफाय करूनही, म्हणजे कोड दाबून लहान करूनही, अख्खी जेक्वेरी ७५ केबीच्या पुढे जाते, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या एका मिसळवाल्या काकांच्या वेबसाइटवरच्या साध्या मेनूला एवढं ओझं कशाला म्हटलं.

स्पीड मस्त, फुकट, काही इन्स्टॉल करायची भानगड नाही, त्याबद्दल तक्रार नाही. हातात मिळते ती यादी अ‍ॅरे (जावास्क्रिप्टची नेहमीची यादी) नसते, एकेका आयटमवर फिरणारं फॉरइच चालतं पण त्यातून नवी यादी बनवणारं मॅप चालत नाही, ते एक सहन करून घेतलं.

आता खरी रड ऐका. काका म्हणाले रविवारी मेनूतल्या 'स्पेशल' या भागातल्या ऑफरच्या दोन आयटमवर दहा रुपये कमी दाखव. स्पेशलच्या आत ऑफरचा एक बॉक्स, त्या बॉक्समधले दर उचलायचे, बस. जुनी ओळ तशीच ठेवली, जेक्वेरीचं फाइंड काढून क्वेरीसिलेक्टरऑल टाकलं, तर दोनाऐवजी स्पेशलमधले नऊच्या नऊ दर आले की! ताक स्वस्त, एक्स्ट्रा पाव तर डायरेक्ट शून्य रुपये.

दोन तास डोकं खाल्लं तेव्हा कळलं की वेबसाइटची थीम बनवणाऱ्याने अख्ख्या पानालाच बाहेरून 'बॉक्स' हाच क्लास (कोडमधलं लेबल) दिलाय, आणि हा पठ्ठ्या सिलेक्टर, म्हणजे 'बॉक्सच्या आतले दर' हे आपलं वर्णन, पूर्ण पानावर जुळवून बघतो, मग त्यातले फक्त तुमच्या एलिमेंटच्या (पानाच्या ज्या भागात शोधायचं त्याच्या, इथे स्पेशलच्या) आतले ठेवतो. म्हणजे नाशिकातल्या पंचवटीत उभं राहून 'नाशिकमधली घरं' मागा, जेक्वेरी पंचवटीच्या आत नाशिक शोधेल आणि हात हलवत परत येईल, हा मात्र पंचवटीतली सगळी घरं देईल, कारण पंचवटी नाशिकातच आहे ना. बग नाहीये, नियमच तसा. जेक्वेरीची जुनी व्हर्जन्स तर एलिमेंटला गुपचूप तात्पुरता आयडी चिकटवून हे सांभाळायची, आपल्याला पत्ता पण नाही.

उपाय एका शब्दाचा, सिलेक्टरच्या सुरुवातीला कोलन लावून स्कोप (:scope) लिहा, म्हणजे शोध तुमच्या एलिमेंटपासूनच सुरू होतो. थेट मुलं, म्हणजे लगेच एक पायरी आतले एलिमेंट, हवी असतील तरी तेच, नुसतं बाणाचं चिन्ह (>) सुरुवातीला टाकलं तर सिंटॅक्स एरर तोंडावर. नव्या ब्राउझरात सगळीकडे चालतं.

घ्या बिनधास्त, पण जुना कोड नुसता कॉपी-पेस्ट करू नका. काकांचा फोन सकाळी साडेसातलाच आलेला, "अरे बाळा, पाव फुकट कधीपासून?"