बिझीबॉक्सवाला राऊटर आणि घरी लिहिलेली सी टूल्स: मालवणच्या कोल्ड रूममधले नऊ महिने

मामाची मालवणला बंदराजवळ छोटी कोल्ड रूम आहे, बर्फातली मासळी ठेवायला. आतलं तापमान शून्य ते दोन डिग्रीत राहायला लागतं आणि आधी काय व्हायचं, रात्री लाईट गेली, जनरेटर सुरू झाला नाही, की ते सकाळी दार उघडल्यावर वासावरूनच कळायचं. म्हणून गेल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास मी तिथे एक जुना राऊटर बसवला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची छोटी लिनक्स) टाकून, आणि तापमान वाचायची टूल्स स्वतः सी मध्ये लिहिली. आता मे संपत आलाय. मी राहते कुडाळला, म्हणजे काही बिघडलं की एकतर मोबाइलवरून एसएसएच (लांबून राऊटरवर कमांड चालवणं) नाहीतर गाडी काढून तासभर रस्ता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा, कारण माझी सगळी रडारड त्यातूनच आलीय.

मांडणी अशी. राऊटर एमटी ७६२८ चिपचा, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. बारा व्होल्टच्या बॅटरीवर. त्याला यूएसबीने एक आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि नॅनोला तीन डीएस१८बी२० तापमान सेन्सर. नॅनो दर मिनिटाला एक ओळ पाठवतो, एक टूल ती वाचतं, दुसरं तपासतं, तिसरं मेसेज पाठवतं, तिन्ही पाइपने जोडलेली, म्हणजे एकाचं आउटपुट थेट पुढच्याला. पायथन का नाही असं भावाने विचारलं, तर १६ एमबीत कर्नल, सगळी सिस्टिम आणि वर पायथन म्हणजे एसटीत गणपतीच्या आदल्या दिवशी चढण्यासारखं आहे. माझं टूल स्टॅटिक करून (लागणारी लायब्ररी आतच घालून), स्ट्रिप मारून (चालायला न लागणारी माहिती काढून) ४० केबीच्या आसपास बसलं.

ओपनडब्ल्यूआरटीवरच्या रोजच्या कमांड ज्यातून येतात त्या बिझीबॉक्सची मात्र मी आता फॅन झालेय. ब्रूस पेरेन्सने १९९५ मध्ये डेबियनच्या एका फ्लॉपीत अख्खी बूट होणारी सिस्टिम मावावी म्हणून ते लिहिलं. एलएस, ग्रेप, ऑक, व्हीआय सगळं एकाच फाईलमध्ये, बाकी नुसत्या सिमलिंक (त्याच फाईलकडे बोट दाखवणारी नावं), आणि आपल्याला कुठल्या नावाने हाक मारली ते बघून प्रोग्राम तसा वागतो. मी तीच आयडिया उचलली, माझी तिन्ही टूल्स म्हणजे एकच बायनरी (चालणारी फाईल) आणि तीन नावं. अपडेट करायचं तर एकच फाईल पाठवायची, आणि मालवणात रेंज जेव्हा एक दांडी असते तेव्हा याची किंमत कळते.

पण लॅपटॉपची सवय घेऊन गेलात तर पहिला आठवडा शिव्या घालाल. शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) बॅश नाही, ऍश आहे, त्यात ॲरे नाहीत. डेटला 'यस्टरडे' सांगितलं तर इनव्हॅलिड डेट म्हणून तोंड फिरवतो. टाइमआउट कमांडची पद्धत तर १.३० व्हर्जनला बदलली, आधी सेकंदाच्या आधी डॅश टी लागायचं आता लागत नाही, त्यामुळे नेटवरची जुनी स्क्रिप्ट उचलली की फसते. हे सगळं एकदा कळलं की कळलं.

पहिला खरा दणका 'नॉट फाउंड'चा. लॅपटॉपवर डेबियनच्या क्रॉस कंपायलरने (दुसऱ्या प्रोसेसरसाठी फाईल बनवणाऱ्या) बनवलेली फाईल राऊटरवर टाकली, एलएस केलं तर समोर दिसतेय, चालवायची परवानगी आहे, आणि चालवली की नॉट फाउंड. मी संध्याकाळभर पाथ तपासत बसले. सापडत नव्हती ती माझी फाईल नव्हतीच, तिला लागणारा लोडर (सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा) सापडत नव्हता! तेव्हा अजून स्टॅटिक नसलेली माझी बायनरी जीलिबसी या सी लायब्ररीचा लोडर मागत होती आणि ओपनडब्ल्यूआरटीवर असते मसल ही दुसरी लायब्ररी. लॅपटॉपवर रीडएल्फ डॅश एल चालवून इंटरप्रीटरची ओळ बघितली की पाच सेकंदांत कळतं. मग सरळ ओपनडब्ल्यूआरटीचं एसडीके (त्याच्यासाठी प्रोग्राम बनवायची साधनं) उतरवलं आणि तो विषय संपला. (फाईल दुसऱ्याच प्रोसेसरची असेल तर आणखी मजा, ऍश तिला शेल स्क्रिप्ट समजून वाचायला जातो आणि भलतीच सिंटॅक्स एरर दाखवतो.)

दुसरं प्रकरण बफरिंगचं, आणि हे मला अजून आठवलं की हसू येतं. सगळं सुरू केलं, हाताने चालवलं तर दर मिनिटाला ओळ येतेय, छान. पाइपमध्ये जोडलं आणि पुढच्या टूलला काहीच मिळेना. पन्नास मिनिटं काही नाही, मग एकदम पन्नासेक ओळी भसकन, परत पन्नास मिनिटं शांत, म्हणजे कोल्ड रूम तापली तर मामाला तासाभराने मेसेज. झालं काय तर स्क्रीनवर लिहिताना सी लायब्ररी ओळ संपली की सोडते, पण पुढे पाइप असला की बफर भरेपर्यंत धरून ठेवते. मसलमध्ये हा बफर १०२४ बाइटचा, माझी ओळ २० बाइटची, करा भागाकार. आणि मधेच बॅटरी उतरली तर बफरमधलं गेलंच. सेटव्हीबफची एक ओळ टाकून बफर ओळीपुरता केला, झालं. स्टडीबफ कमांडने बाहेरून करता येतं म्हणतात, पण ती एलडी प्रीलोडवर (सुरू होताना बाहेरून लायब्ररी घुसवण्यावर) चालते आणि माझी बायनरी स्टॅटिक, तिथे तिचा उपयोग शून्य.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या तेव्हाचा किस्सा. एसएसएच करून टॉप बघितलं तर माझं टूल ९९ टक्के सीपीयू खातंय आणि तापमान रात्री दोनपासून आलेलं नाही. लाईटच्या झटक्यात नॅनो यूएसबीवरून एक क्षण गळला होता. असं झालं की रीड (पोर्ट वाचणारं फंक्शन) शून्य परत देतं, त्याचा अर्थ पलीकडे कोणी नाही, आणि मी शून्याचा अर्थ 'अजून काही आलं नाही, परत बघ' असा लावलेला, त्यामुळे ते सेकंदाला लाखभर वेळा परत बघत होतं. वर जुना पोर्ट मी सोडलाच नाही म्हणून नॅनो परत आला तो टीटीवाययूएसबी वन या नव्या पोर्टच्या नावाने, झीरोवर मी वाट बघत बसलेय. म्हणून बदललं, शून्य आलं की एक ओळ लॉगमध्ये टाकून बाहेर पडायचं, पुन्हा सुरू करायला प्रॉकडी (ओपनडब्ल्यूआरटीवर प्रोग्राम सांभाळणारा) आहेच की.

प्रॉकडीचीही एक अट असते, ती मी वाचली नव्हती. रीस्पॉनचे (पडलेला प्रोग्राम परत उठवण्याचे) डीफॉल्ट आकडे ३६००, ५, ५. म्हणजे प्रोग्राम तासाभराच्या आत पडला तर पाच सेकंदांनी उठवायचा, आणि असं पाच वेळा झालं की नाद सोडायचा. पुढच्याच आठवड्यात केबल सैल होऊन रात्रभर पोर्ट नव्हता, टूल अर्ध्या मिनिटात पाच वेळा पडलं, सकाळी मामाच्या माणसाने केबल घट्ट बसवली पण ऐकायला कोणीच नाही! शेवटचा आकडा शून्य केला की तो कधीच कंटाळत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टूलमध्ये एक्झिट कोड (बंद पडताना दिलेला आकडा) वेगळे आहेत, पोर्ट नाही तर ३, ओळ अर्धवट तर ४, सेन्सर बोलत नाही तर ५, आणि पडताना एक वाक्य स्टडएररवर (एरर लिहायच्या वाटेवर), जे लॉगरीड या लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये दिसतं. आधी हे नखरे वाटायचे. कुडाळात बसून मोबाइलच्या स्क्रीनवर बघायची वेळ आली की तेवढं एक वाक्यच हातात असतं.

सेन्सरचं सांगते. नोव्हेंबरात पहाटे साडेचारला मामाचा फोन, 'बाय, पंच्याऐंशी डिग्री म्हणता तुझां यंत्र, मासळी शिजली काय गो?' डीएस१८बी२० ला वीज मिळाली की मोजणी होईपर्यंत त्याच्या मेमरीत ८५ असतं, आणि बारा बिटची मोजणी पूर्ण व्हायला ७५० मिलीसेकंद लागतात. मधेच व्होल्टेज पडून सेन्सर रीसेट झाला की तो ८५ सांगून मोकळा. आणि वायर तुटली की आर्डुइनोची लायब्ररी उणे १२७ देते. हे दोन आकडे मी आता तापमान मानतच नाही, एरर मानते. उणे १२७ आमच्याकडे दोनदा आलं, दोन्ही वेळा खाऱ्या हवेने कनेक्टरची पिन हिरवी झालेली. आता तिथे कनेक्टर नाही, सरळ सोल्डर करून वर हीटश्रिंक आणि सिलिकॉन.

एक चूक तर निव्वळ माझी. या राऊटरच्या चिपला फ्लोटचं (दशांशाच्या हिशोबाचं) हार्डवेअर नाही म्हणून मी सगळं मिलीडिग्रीत पूर्णांकाने धरते. उणे ५०० ला हजाराने भागलं की पूर्णांक भाग येतो शून्य, आणि शून्याला चिन्ह नसतं, मग उणे अर्धा डिग्री छापला जातो अधिक अर्धा. मामाची रूम नेमकी शून्याच्या आसपास असते त्यामुळे ग्राफ शून्याला टेकून परत उसळी मारायचा, मला दोन महिने वाटत होतं डीफ्रॉस्ट चाललंय.

वेळेचा घोळ असा की राऊटरला घड्याळाचा सेल नसतो. बॅटरी पूर्ण उतरून तो परत सुरू झाला की ओपनडब्ल्यूआरटी ईटीसी फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाईलची वेळ घेऊन कामाला लागतं, नेट आलं की मग खरी वेळ. आणि लाईट आली तरी टॉवर यायला कधी दुपार होते. म्हणून प्रत्येक ओळीत तारखेशेजारी अपटाइमचे (राऊटर सुरू झाल्यापासूनचे) सेकंदही लिहिते, नंतर जुळवता येतं. लॉग रॅममध्ये, तासाला एकदा पेनड्राइव्हवर, तोही आधी दुसऱ्या नावाने लिहून, एफसिंक करून (डेटा खरंच पेनड्राइव्हवर पोचवून) मग नाव बदलून. फ्लॅशवर दर मिनिटाला लिहू नका, प्लीज.

या सगळ्या मांडणीला पाचपैकी चार देते. अर्धा कापला तो डॉक्युमेंटेशनसाठी, कुठली कमांड कितपत कापलेली आहे ते राऊटरवर हेल्प टाइप करूनच कळतं, आणि अर्धा माझ्या झोपेसाठी. फेब्रुवारीपासून मात्र एकदाही गाडी काढावी लागलेली नाही.

एक जूनला मासेमारीबंदी लागली की रूम दोन महिने बंद, डबा घरी येईल. मी म्हटलं ग्राफ छान करून देते, तर मामाला ग्राफ नकोच आहे, त्याला दाराबाहेर लाल बल्ब हवाय, बिघडलं की पेटणारा. मी म्हटलं लाईट गेल्यावर बल्ब पेटणार कसा, तर म्हणतो तुझ्या डब्याच्या बॅटरीवरच लाव, आणि टॉवर नसला तर तुझो मेसेज तरी खंय येता? आता नॅनोची एक पिन मोकळी आहे, रिले घरात पडलेला आहे, चौथं टूल त्याचंच.