पातळ रक्ताचा मान: व्हॅम्पायर द मास्करेड, पाचवी आवृत्ती

शनिवारी रात्री नऊला घोडबंदर रोडवरच्या माझ्या घरी पाच जण जमतात आणि दूधवाला आला की उठतात. सात महिने आम्ही 'व्हॅम्पायर: द मास्करेड' खेळतोय; टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका व्हॅम्पायरचं पात्र रंगवायचा हा खेळ. खेळ १९९१ चा, माझ्याकडची पाचवी आवृत्ती २०१८ ची. गोष्ट मी चालवते.

एका मित्राने पहिल्याच रात्री विचारलं, "समोरचा एवढा भारी असेल तर आम्ही करायचं काय?" मला हा खेळ आवडतो तो त्यासाठीच. इथे रक्त पिढीगणिक पातळ होत जातं. तुम्ही बाराव्या-तेराव्या पिढीचे, शहरातल्या व्हॅम्पायरांवर राज्य करणारा प्रिन्स कितीतरी वरचा. अंगावर गेलात तर संपलात. मग उरतात उपकार. कोण कोणाचं देणं लागतो याचा हिशेब सगळे ठेवतात, आणि देणं बुडवलं तर म्हाताऱ्या, जुन्या व्हॅम्पायरांचीही पत जाते.

आमचा प्रिन्स शेवटचा प्रयोग संपल्यावर गडकरी रंगायतनमध्ये दरबार भरवतो. तिथे कोणी हात उचलायचा नाही. कॅमरिला म्हणजे प्रिन्सची, जुन्या व्हॅम्पायरांची संघटना; तिला न जुमानणाऱ्या अनार्क बंडखोरांचा अड्डा वागळे इस्टेटच्या बंद शेडमध्ये. माझी आतेबहीण खेळते ते पात्र दोघांनाही नकोसं, चौदाव्या पिढीचं. पण ती दिवसा फिरू शकते. उन्हात शक्ती नाहीत, तब्येत अर्धी, तरी भर दुपारी तलावपाळीला जाऊन तिने प्रिन्सचं एक पाकीट पोचवलं. पुढच्या दरबारात प्रिन्स तिला म्हणाला, "बसा." सात महिन्यांत पहिल्यांदा. टेबलावर कोणी बोलेना. आतेबहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं.

बलवानही सुटलेला नाही, हे मला फार पटलं. रक्ताची ताकद तीनवर गेली की जनावराचं किंवा पिशवीतलं रक्त भूक भागवत नाही, माणूसच लागतो. त्यात म्हाताऱ्यांना मध्यपूर्वेकडून हाक येते, खुर्च्या रिकाम्या होतात, आणि ब्रुहा, गँग्रेल ही कुळं कॅमरिलातून फुटलेली. भांडायला कारण शोधावं लागत नाही.

फाशांचा नियम अप्रतिम आहे. पात्राच्या भुकेचा आकडा जितका, तितके साधे फासे काढून लाल घ्यायचे. भूक चार असताना मित्राने सहा फासे टाकले, दोन फाशांवर दहा पडले, त्यातला एक लाल. पहारेकरी हरला खरा, पण लाल दहामुळे पात्राच्या आतल्या पशूने त्याला फाडलं, तेही स्टेशनसमोर. अस्तित्व लपवून ठेवण्याचा सगळ्यात मोठा नियम मोडला, आणि पुढचे तीन शनिवार ते निस्तरण्यात गेले.

नुसती हाणामारी हवी असेल तर हे पुस्तक घेऊ नका. विषय काळोखे आहेत; कोणाला काय नको ते आधी बसून ठरवा, आम्हीही पहिला शनिवार त्यातच घालवला. दहा बाजूंचे लाल फासे वेगळे आणा. भूक पाचच्या वर जात नाही, माणशी पाच पुरतात.