काळा धूर जोतिबाचा डोंगर चढत नाही: पडद्यावर याव्यात अशा पाच विज्ञानकथा

विज्ञानकथा एका नियमावर उभी असते. धूर हवेपेक्षा जड आहे, यंत्रमानवाला माणसाला इजा करता येत नाही, गोळी लागली नाही, कानाजवळून गेली. असा एकच नियम असतो आणि बाकीची गोष्ट त्यातून निघते. पटकथेच्या दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात नेमका तोच नियम ‘प्रेक्षकांना जड जाईल’ म्हणून काढला जातो. मग व्हीएफएक्सवर कितीही पैसा ओतला तरी गोष्ट उभी राहत नाही. खालची निवड दोन गोष्टी बघून केली आहे: कथेचा नियम कॅमेऱ्याला दिसतो का, आणि कोल्हापुरातल्या एखाद्या युनिटला तो आवाक्यातल्या खर्चात दाखवता येईल का. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला, १९२९ मध्ये प्रभात इथेच सुरू झाली. त्या गावाने हा प्रश्न विचारायलाच हवा.

आधी हक्कांचं बघू, कारण प्रकल्प बहुधा तिथेच अडतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. एच. जी. वेल्स १९४६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन इथे २००७ पासून मोकळं आहे. युरोपात ७० वर्षांचा हिशेब धरला तरी २०१७ पासून मोकळं. आसिमोव्ह (मृत्यू १९९२), क्लार्क (मृत्यू २००८) आणि जयंत नारळीकर (मृत्यू २०२५) यांच्या बाबतीत रीतसर परवानगीशिवाय एक पानही लिहू नका. वेल्सची मराठी भाषांतरं वापरतानाही जपून, भाषांतराचा हक्क वेगळा असतो. मूळ इंग्रजी समोर ठेवून पटकथा लिहावी, आणि आधीच्या सिनेमांनी स्वतः घातलेली पात्रं किंवा प्रसंग उचलू नयेत.

पहिला मान वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चा. पुस्तक १८९८ चं: मंगळवासी तीन पायांच्या यंत्रांतून इंग्लंडवर हल्ला करतात. १९५३ च्या सिनेमाने गोष्ट कॅलिफोर्नियात नेली आणि तीन पायांची यंत्रं जवळजवळ उडती केली. २००५ च्या सिनेमात ती यंत्रं फार पूर्वीपासून जमिनीत पुरलेली निघतात. हा बदल वरवर थरारक वाटतो, पण शेवटाचा पायाच काढून घेतो. मंगळावर जंतू नव्हते, म्हणून पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी मंगळवासी मेले, हा पुस्तकाचा शेवट. जे आधी येऊन यंत्रं पुरून गेले, त्यांना इथले जंतू ठाऊक कसे नाहीत? प्रेक्षक हा प्रश्न बोलून दाखवत नाही, पण शेवट त्याला पटत नाही.

वेल्सची खरी ताकद भूगोलात आहे. कुठला रस्ता, कुठला पूल, कुठली टेकडी, सगळं नेमकं. म्हणून ही गोष्ट कुठल्याही गावात नेता येते, अट एवढीच की त्या गावाचा नकाशा तितक्याच काटेकोरपणे वापरायचा. १८९८ चं कोल्हापूर घ्या. शाहू महाराजांचं राज्य. मिरजेपर्यंत रेल्वे १८९१ पासून चालू. मुंबई इलाख्यात १८९६ पासून प्लेग, आणि जानेवारी १८९७ मध्ये जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतलेली. ज्या माणसांना जंतू म्हणजे काय ते घरातली माणसं गमावून कळलं आहे, त्यांच्यासमोर परग्रहावरची यंत्रं जंतूंनीच कोसळताना दाखवायची. हा योग आजवरच्या कुठल्याच रूपांतराला मिळालेला नाही.

पुस्तकात मंगळवासी सोडतात तो विषारी काळा धूर हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा उताराने वाहतो, खोलगट जागा भरत जातो, आणि उंचावर चढलेला माणूस वाचतो. आता पंचगंगेचं खोरं डोळ्यांसमोर आणा. धूर प्रयाग चिखलीकडून नदीच्या अंगाने शहरात उतरतो, घाट भरतात, सखल पेठा भरतात. नदीकाठाने पळालेले मरतात, जोतिबाच्या पायऱ्या चढलेले वाचतात. वर गुलालाने गुलाबी झालेल्या पायऱ्या आणि खाली खोरंभर काळोख. एवढी एक चौकट मिळाली तरी सिनेमाचं पोस्टर तयार आहे. पुस्तकातला निवेदकाचा भाऊ गर्दीबरोबर समुद्राकडे पळतो. तोच धागा इथे आंबा घाटाने रत्नागिरीच्या आगबोटीपर्यंत नेता येईल.

धूर दाखवायचा कसा? ड्राय आइस गरम पाण्यात टाकला की निघणारं धुकं खरोखरच हवेपेक्षा जड असतं आणि उताराने वाहतं. खोऱ्याचं लहान मॉडेल करून पूर्ण काळं रंगवा, त्यावरून पांढरं धुकं सोडा आणि जास्त फ्रेमरेटवर शूट करा. नंतर त्या पांढऱ्या भागाचा मॅट (म्हणजे तेवढाच आकार वेगळा) काढून त्यात काळा रंग भरायचा. पाणी गार झालं की धुकं विरळ होतं, त्यामुळे दर टेकला गरम पाणी बदलावं लागतं. दोन टेकमधला धुराचा जाडपणा जुळत नाही तो बहुतेक वेळा यामुळेच. आणि सावध राहा: हा वायू कार्बन डायऑक्साइड आहे, तो सेटवरही खालीच साठतो. बंद खोलीत जमिनीवर बसून काम करणाऱ्या मुलाला आधी त्रास होईल. दारं-खिडक्या उघड्या हव्यात, खड्डा किंवा तळघर नकोच.

मंगळवासींच्या दुसऱ्या शस्त्राचं, उष्णकिरणाचंही तसंच. पुस्तकात तो दिसत नाही. दिसतं ते पेट घेणारं झाड, छप्पर, माणूस. हिरवा-लाल झोत काढण्याचा खर्च वाचतो आणि भीती दुपटीने वाढते. इथल्या माणसाला उसाचं पाचट पेटवून काम भागवण्याचा मोह होईल. तो टाळावा. पाचटातून आधी पांढरा धूर उठतो आणि मग ज्वाला दिसते, किरणाने मात्र क्षणात ज्वाला उठली पाहिजे. त्यासाठी गॅसचे फ्लेम बार (ओळीने ज्वाला देणाऱ्या नळ्या) लावावेत आणि धूर नंतर वेगळा जोडावा.

मंगळावरची लाल वेल पाण्याकाठी माजते, नद्या तुंबवते आणि शेवटी रोगाने सडते. कोल्हापूरकरांना जलपर्णी काय असते ते वेगळं सांगायला नको. तीच शूट करून ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतरच्या रंगसंस्कारात, हिरव्याचं लाल करता येईल. फक्त काठावरचा ऊसही हिरवाच असतो, तोही लाल होऊन बसेल. म्हणून ड्रोन सरळ वरून, चौकटीत फक्त पाणी आणि जलपर्णी. एकूण सहा भागांची मालिका पुरेशी होईल. त्यापेक्षा ताणली तर निवेदक ढिगाऱ्याखाली अडकल्याचा मधला भाग कंटाळवाणा होईल, आणि खरं तर पुस्तकातला सगळ्यात घुसमटवणारा भाग तोच आहे.

आर्थर सी. क्लार्क यांचं ‘रांदेव्हू विथ रामा’ (१९७३) हे आकाराने सगळ्यात मोठं आणि वाटतं त्यापेक्षा सोपं काम. २०२१ च्या अखेरीस दिग्दर्शक दनी व्हिलनव्ह हे करणार अशी घोषणा झाली. ग्रीक आणि रोमन देवांची नावं संपल्यावर खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांकडे वळतात, म्हणून सूर्यमालेत शिरलेल्या या परक्या, पोकळ दंडगोलाकार यानाचं नाव रामा. लांबी ५० किलोमीटर, आतला व्यास १६ किलोमीटर, आणि स्वतःभोवती एक फेरी चार मिनिटांत. आत माणूस भिंतीवर उभा राहतो आणि डोक्यावर समोरची भिंत दिसते.

निर्माते घाबरतात ते या वळणाला. पण हिशेब करून बघा. ८ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ३० मीटर रुंदीच्या सेटवर जमिनीचं वळण साधारण दीड सेंटीमीटर भरतं. सेट सरळ सपाट ठेवा, कुणाला फरक दिसणार नाही. १०० मीटरवर जमीन ६० सेंटीमीटर उचललेली असेल आणि एक किलोमीटरवर सुमारे ६२ मीटर. म्हणजे वळण फक्त मागच्या दृश्यात हवं. ते डिजिटल करा किंवा इथल्या चित्रकारांकडून रंगवून घ्या, पडदे रंगवणं ही या गावाची जुनी विद्या आहे. वजनाचाही हिशेब निघतो: चार मिनिटांच्या फेरीला तळावर पृथ्वीच्या ०.५६ पट गुरुत्व मिळतं. चालणं, पडणं, पाणी ओतणं हे सगळं सेकंदाला ३२ फ्रेमने घेऊन २४ ने दाखवलं की बरोबर त्या गुरुत्वाचं दिसतं. अशा शॉटमध्ये संवाद ठेवू नका, ओठ हळू हलतात.

पहिला मोठा भाग अंधारातच घडतो, नुसत्या दिव्यांच्या झोतात. तिथे पैसे वाचवून सहा प्रचंड दिवे एकदम उजळतात त्या क्षणावर खर्च करावा. आतल्या समुद्राचा एक काठ ५० मीटर उंच आणि दुसरा ५०० मीटर. वेग वाढला की पाणी मागे चढतं, म्हणून. हे कुणीही बोलून समजावू नये. दोन्ही काठ दाखवून सोडून द्यावेत आणि शेवटी पाणी चढताना दाखवावं. खलनायक घुसवण्याची गरज नाही, बुधावरची माणसं बॉम्ब पाठवतात तेवढा संघर्ष पुरतो. नंतर दुसऱ्या लेखकाबरोबर आलेल्या पुढच्या भागांना हात लावू नये.

आसिमोव्हच्या ‘आय, रोबॉट’बद्दल थोडक्यात. २००४ चा सिनेमा मुळात दुसऱ्याच पटकथेतून आला आणि पुस्तकाचं नाव त्याला नंतर चिकटलं. पुस्तक म्हणजे कोडी आहेत, एक कथा एक तास. सुरुवात ‘रनअराउंड’ने करा. बुधावर यंत्रमानवाला सेलेनियम आणायला पाठवलंय. हुकूम सहज दिलेला, म्हणून कमजोर. यंत्र महागडं, म्हणून स्वतःला जपण्याचा नियम मुद्दाम पक्का केलेला. जिथे हुकमाची ओढ आणि धोक्याची भीती सारखी होते, त्या अंतरावर तो गोल गोल फिरत राहतो. दोन नट, एक यंत्र, एक माळ. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर उन्हाळ्यात गवत वाळून गेल्यावर होऊन जाईल. बुधावर हवा नाही, त्यामुळे आकाश काळं आणि सावली कडक हवी. रिफ्लेक्टर लावून सावली मऊ केलीत की तो बुध राहणार नाही, पन्हाळ्याची सहल होईल.

आता घरचं. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या एनसीईआरटी इंग्रजी पुस्तकात पोरं वाचतात. इतिहासाचे प्राध्यापक अशा एका भारतात जाऊन पोचतात, जिथे पानिपतावर गोळी विश्वासरावांना न लागता कानाजवळून गेली आणि मराठे जिंकले. शंभर मिनिटांचा सिनेमा आरामात होतो. धोका एकच आहे: निर्माता पानिपताची लढाई उभी करायला निघेल. कथेत लढाई नाही. एक माणूस ग्रंथालयात स्वतःच लिहिलेला इतिहासाचा खंड उघडतो आणि तो वेगळाच निघतो, आणि परतल्यावर बखरीचं एक फाटकं पान खिशात सापडतं, एवढंच आहे. सगळा ताण त्या पानावर आहे. ते हाताने लिहून घ्यावं, छापून नव्हे. क्लोजअपमध्ये शाईचा ओघ दिसतो.

पैसा लागेल तो कलादिग्दर्शनाला. कथेतल्या भारतात मुंबई अजून ईस्ट इंडिया कंपनीकडे आहे, सरहद्दीवर गाडी थांबून परवाने तपासले जातात. मग स्टेशनच्या पाट्या, तिकिटं, परवाने, वर्तमानपत्र, सगळं नव्याने घडवावं लागेल. पुण्याकडच्या पाट्या मोडीत का नसाव्यात? कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी दप्तर आहे आणि ते वाचणारी माणसंही आहेत. संगणकावरचा मोडी फाँट लावून मोकळे होऊ नका, जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं. कथेतल्या टाउन हॉलसाठी आपला टाउन हॉल बाहेरून चालेल. शैली मुंबईच्या टाउन हॉलपेक्षा वेगळी आहे, पण इतिहासच वेगळा असल्यावर इमारत वेगळी असली तर बिघडलं कुठे? तिथे वस्तुसंग्रहालय आहे, त्यामुळे परवानगी आधी घ्या आणि दिव्यांची उष्णता वस्तूंपासून दूर ठेवा.

शेवटची नारळीकरांचीच, ‘उजव्या सोंडेचा गणपती’. अवकाशाला मोबियसच्या पट्टीसारखा पीळ बसला की त्यातून फिरून आलेली वस्तू आरशातल्यासारखी उलटी होते. डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, उजव्या हाताचा गोलंदाज डाव्याने टाकू लागतो. हा नियम पडद्यावर समजावताना कागदाची पट्टी वापरू नका. कागदाला दोन बाजू असतात, त्यामुळे उलटापालट डोळ्यांना पटत नाही. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा, त्यावर उजव्या पंजाचं चित्र सरकवत एक फेरी पूर्ण करा. तो डावा पंजा झालेला असतो. तीस सेकंदांत काम होतं.

उलटा झालेला माणूस चौकटीत एकटा असेल तर चौकटच उलटवा. मात्र तिथली प्रत्येक अक्षरं असलेली वस्तू, घड्याळ, शर्टाची बटणपट्टी आणि दाराच्या बिजागऱ्या आधीच उलट्या बनवून ठेवाव्या लागतील. क्रिकेटच्या दृश्यात समोर डावखुरा फलंदाज घ्या, उलटवल्यावर तो उजवा दिसेल. क्षेत्ररचना आणि धावफलकही उलटे हवेत. मूर्तीच्या बाबतीत एकाच साच्यातून दोन्ही सोंडेचे गणपती निघत नाहीत. कुंभार गल्लीत दोन मूर्ती स्वतंत्र घडवायला द्या किंवा एकीचं थ्रीडी स्कॅन आरशात फिरवून दुसरी छापून घ्या. रेषेन् रेष जुळली तरच प्रेक्षकाच्या अंगावर काटा येईल.

आणि रूपांतर करणाऱ्याने एक प्रसंग वाढवायला हरकत नाही, कारण तो नियमातूनच येतो. उलट्या माणसाचे रेणूही उलटे. पुदिन्याचा वास ज्या कार्व्होन नावाच्या रसायनाचा, त्याचंच आरशातलं रूप बाळंतशेपात असतं आणि नाकाला दोन्ही वेगळी लागतात. तो माणूस घरी येऊन जेवायला बसतो, पानात पुदिन्याची चटणी वाढलेली असते, आणि तो ताट थोडं दूर सारून विचारतो, “आई, आज चटणीत बाळंतशेपा का घातलास?”