रेशनचं ई-पॉस मशीन: आठ महिने अंगठा लावून झाल्यावर

रेशन दुकानातल्या ई-पॉसवर, म्हणजे अंगठा पडताळून मालाची नोंद करणाऱ्या मशीनवर, तांदूळ मिळाला, गहू मिळाला, पावती मिळाली नाही. ‘रोल संपलाय.’ आठ महिन्यांत सहा वेळा हेच उत्तर. एटीएममधला कागद संपतो तेव्हा निदान पडद्यावर शिल्लक तरी दिसते. इथे पडदा दुकानदाराकडे वळवलेला. पाचातले दोन तारे आधीच कापून ठेवतो, पुढे लिहिता लिहिता मन विरघळायला नको.

कुणाला किती मिळतं हे रांगेतल्या प्रत्येकाला पाठ आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला (सगळ्यात गरीब कुटुंबांना) कार्डामागे ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट. त्यावर शब्द खर्च करत नाही. या मशीनचा सगळ्यात कामाचा भाग म्हणजे ती कागदाची पट्टी, आणि नेमकी तीच हातात पडत नाही.

मशीन अंगठा ओळखतं, काटा माल मोजतो. जिथे ही दोन एकमेकांना जोडलेली नाहीत, तिथे मशीनमधल्या २५ किलोंचा आणि पिशवीतल्या २५ किलोंचा काही संबंध नसतो. पाच माणसांच्या कार्डावर दर महिन्याला एक किलो कमी भरला, तर किराण्यातला भाव ४० रुपये धरून वर्षाचे ४८० रुपये गेले. तेलाच्या तीन पिशव्या येतात तेवढ्यात. विचारलं की ‘घट येते’. घट अगदीच खोटी नाही. ५० किलोच्या गोणीचं तागाचं बारदान साधारण ५८० ग्रॅम भरतं. गोदामातून ते धान्याच्या वजनात धरून आलं तर तूट दुकानदाराच्या माथी. क्विंटलला १५० रुपये कमिशन, २०२५ मध्ये १७० झालं. त्यात तो ती कुठून भरून काढणार? गिऱ्हाइकाच्या पिशवीतून. त्याची अडचण कळते, पण ती माझ्या पिठात का?

भांडायच्या आधी करायची गोष्ट: घरून एक किलोचा सीलबंद मिठाचा पुडा न्यावा. काटा शून्यावर आहे का बघावं, रिकामी पिशवी किंवा डबा ठेवून पुन्हा शून्य करायला सांगावं, मग पुडा ठेवावा. आकडा एक किलोच्या वर दहा-वीस ग्रॅम दिसला तर ते पुड्याच्या प्लास्टिकचं वजन. एक किलो शंभर दिसला तर मापात पाप, दर किलोला साधारण नव्वद ग्रॅम गेले. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचा दरवर्षीचा शिक्का असावा लागतो. तो कुठे आहे एवढं नुसतं विचारलं तरी पुढचं माप बरं पडतं.

पावती नाहीच मिळाली तर राज्याच्या महाईपॉस संकेतस्थळावर ‘आरसी डिटेल्स’मध्ये जायचं, बारा अंकी कार्ड क्रमांक घालायचा आणि महिना निवडायचा. कार्डावर किती देय होतं, किती उचललं, कुठल्या दुकानातून, कधी, सगळं समोर येतं. या महिन्याचा माल आपण न जाताच उचललेला दिसला तर लगेच १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तोंडी तक्रार काउंटरवरच विरते. आणि पावती मिळालीच, तर त्याच दिवशी फोटो काढावा. कागद थर्मल आहे, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेला, चार-सहा महिन्यांत कोरा होतो. भांड्यांच्या फळीवर चुलीच्या धगीत ठेवला तर त्याच्याही आधी.

आता अंगठ्याबद्दल. पहिले तीन महिने माझं मत होतं की मशीनच टाकाऊ आहे. ते आता बदललंय. ‘सर्व्हर डाऊन’ ही एकच आरोळी चार वेगळ्या दुखण्यांसाठी ठोकली जाते, आणि मशीन मात्र प्रत्येकाचा वेगळा क्रमांक दाखवत असतं. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारचं बायोमेट्रिक मालकानेच लॉक केलंय. बऱ्याचदा मुलाने मोबाइलवर आईचं लॉक करून ठेवलेलं असतं आणि आईला पत्ता नसतो. ८११ म्हणजे त्या आधारवर ठसेच नोंदलेले नाहीत. ९९७ म्हणजे आधार सक्रिय नाही. पहिलं दुखणं दुकानात सुटतं, बाकीच्यांसाठी मोबाइल किंवा आधार केंद्र गाठावं लागतं. तिथे दुकानदाराशी हुज्जत घालून आठवडा वाया घालवण्यात अर्थ नाही. पडदा आपल्याकडे वळवायला सांगा आणि क्रमांक वाचा.

३०० आला तर अंगठ्याचा हट्ट सोडावा. धुणीभांडी, सिमेंट, मासळी साफ करणं यात अंगठा आणि तर्जनी आधी झिजतात. अनामिका बहुधा शाबूत असते, त्यातही डावी. हात कोरडे पडले असतील तर ओल्या फडक्याने पुसून अर्धा मिनिट थांबावं. घाम असेल तर कोरडे करावेत. आणि मशीनची काच! आधीच्या पन्नास बोटांचं तेल तिच्यावर असतं. फडकं आपलंच न्यावं. नव्या मशीनला डोळ्याचा स्कॅनर आहे, तो चालतो, फक्त चष्मा काढून डोळे ताणून उघडावे लागतात. दुकानदार तो स्वतःहून पुढे करत नाही, मागावा लागतो. डोळ्याच्या स्कॅनरसाठी अर्धा तारा परत.

८११ लहान मुलांच्या बाबतीत येतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला ठसे नसतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावेच लागतात. शाळेत नाव घालताना हे उरकून टाकलं नाही, तर पुढे ई-केवायसीला (कार्डावरच्या नावांची आधारवरून पडताळणी) अडतं आणि कार्डावरच्या त्या नावाचे ५ किलो धोक्यात येतात. मोठ्यांची ई-केवायसी घरबसल्या होते: ‘मेरा ई-केवायसी’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप घ्यायची, राज्य निवडायचं, आधार क्रमांक, ओटीपी, मग चेहरा. पाठीमागे साधी भिंत, उजेड समोरून, आणि सांगेल तेव्हा पापण्या मिटायच्या. शेवटी स्थितीपुढे ‘वाय’ दिसलं की झालं. न दिसता ॲप बंद पडलं तर काहीच झालेलं नाही.

पोर्टेबिलिटीबद्दल, म्हणजे एकाच कार्डावर दुसऱ्या गावातल्या दुकानातूनही माल उचलण्याबद्दल, जाहिराती फार, आणि खरं सांगायचं तर चालतंही. गावाकडे पाच जणांचं कार्ड असेल आणि दोघं मुंबईत, तर दोघांनी इथे १० किलो उचलायचे, उरलेले १५ गावाला. पण आधी घरात ठरवून घ्या, कारण मशीन कुणाच्याही एकाच्या बोटावर पूर्ण २५ सोडतं आणि मग फोनवर भांडणं होतात. दुसरं, दुकानाचा कोटा मुख्यतः त्याला जोडलेल्या कार्डांवर येतो. महिनाअखेरीस बाहेरच्या कार्डाला ‘आमच्याकडे शिल्लक नाही’ ऐकावं लागतं. दुकानात माल आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत गेलं तर सहसा नकार येत नाही.

तांदळाबद्दल एकच: मधूनच दिसणारे पिवळसर, पाण्यावर तरंगणारे दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेले ते दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले असतात. निवडून टाकू नका, धुताना पाण्याबरोबर वाहू देऊ नका.

आणि ज्यांच्या कार्डाला हे मशीन काहीच देत नाही त्यांचं काय, तर शहरात प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे. महिन्याचे ४,९१७. मुंबईत झोपडीचं भाडंही त्यात भागत नाही. त्यातून बसलात तरी ‘इष्टांक (लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) शिल्लक नाही’ हे उत्तर तयार असतं, कारण आकडे अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेले आहेत. हा दोष मशीनचा नाही, म्हणून तारे कापत नाही.

एकूण साडेतीन. रोल घातला तर चार.