कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आणि आलटून पालटून दोन डिस्क: डीटीपीच्या कामातला वापरानंतरचा अनुभव

नारायण पेठेत आमचं डीटीपीचं काम आहे. पुस्तकं, दिवाळी अंक, पत्रिका. दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात. असंच काम करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

गेल्या गणपतीनंतर अंकांच्या ऐन गडबडीत, हंगामापुरत्या आलेल्या एका ऑपरेटरने कुठल्याशा सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी फाईल, उतरवला. थोड्याच वेळात कोरल, पेजमेकर, पीडीएफ, सगळ्या फायलींच्या नावांना चार अनोळखी अक्षरं चिकटली. प्रत्येक फोल्डरमध्ये चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांत दिलेत तर 490. हा स्टॉप-डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असायची, तीही त्यातच गेली.

हा व्हायरस फाईलचा सुरुवातीचा साधारण 150 केबी भागच एन्क्रिप्ट करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करतो. त्यामुळे मोठे व्हिडिओ कधीकधी दुरुस्त होतात, पण पेजमेकरची फाईल उघडायला नेमका तोच भाग लागतो. एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचं फुकट डिक्रिप्टर, म्हणजे अशा फायली उघडणारा प्रोग्राम, आहे. या व्हायरसच्या नव्या प्रकारांवर ते चालतं ते व्हायरसने ऑफलाइन किल्ली (गुन्हेगारांच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर वापरायची, व्हायरसमध्येच असलेली) वापरली असेल तरच, आणि ती किल्ली एम्सिसॉफ्टच्या हाती लागलेली असेल तर. तेव्हा चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी1’ असतं. आमच्या आयडीला ते नव्हतं. एका डेटा रिकव्हरीवाल्याने “सगळं परत मिळेल” म्हणत आगाऊ पैसे मागितले. म्हणजे आमची किल्ली ऑनलाइन, गुन्हेगारांच्या सर्व्हरवरून आलेली. ती त्यांच्याकडेच असते, मग हा कसं उघडणार? पैसे कोणालाच दिले नाहीत. एका ज्येष्ठ लेखिकेच्या आत्मचरित्राची तिसरी प्रुफं झाली होती. बाई एका शब्दानेही बोलल्या नाहीत, स्वतःच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्यांची जुनी प्रुफं घेऊन आल्या. त्यांच्यावरून पुस्तक पुन्हा उभं केलं. ते मी कधी विसरणार नाही.

अँटिव्हायरस व्हायरस काढतो, फायली परत देत नाही. शिवाय या व्हायरसबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येऊ शकतो, म्हणून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले आणि मशीन फॉरमॅट केलं.

आता नव्या व्यवस्थेविषयी. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस असतं. ते मुळात बंद असतं, चालू करावं लागतं. मग ठरवलेल्या फोल्डरांमध्ये अनोळखी प्रोग्रामला काही बदलता येत नाही. ‘चालू कामं’ हा फोल्डर आम्ही त्यात घातला. सुरुवातीला फार त्रास झाला: जुना पेजमेकर सेव्हच करेना, आणि का ते स्वतः सांगेना. प्रोटेक्शन हिस्टरीत नाव शोधून त्याला परवानगी द्यावी लागते. प्रत्येक जुन्या सॉफ्टवेअरसाठी हे एकदा करावं लागतं, नंतर विसरायला होतं. मात्र हे चालायला विंडोजचा स्वतःचा डिफेंडरच मुख्य अँटिव्हायरस असायला हवा. आणि फाईल वाचून चोरून नेणाऱ्याला ते अडवत नाही.

मला खरा भरवसा आहे तो दोन डिस्कवर. एक दिवसाआड डिस्क बदलते, संध्याकाळी कॉपी झाली की काढून ठेवते, एक रोज कोथरूडला घरी जाते. कॉपी रोबोकॉपी या विंडोजमधल्याच कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने, तारखेच्या फोल्डरमध्ये. त्यातला ‘मिरर’ पर्याय मुद्दाम वापरत नाही, कारण मूळ जागी फाईल गेली किंवा बिघडली तर कॉपीतही तेच होतं. जूनमध्ये ऑफिसची हार्डडिस्क बसली, तेव्हा दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि गेलं ते फक्त त्या दिवसाचं टायपिंग.

पेनड्राइव्हसाठी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय. शॉर्टकट व्हायरसने (पेनड्राइव्हमधल्या फायली लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणाऱ्या) ‘गायब’ केलेल्या फायली तिथे सरळ दिसतात. त्या विंडोजमध्ये फक्त लपवलेल्या असतात, आणि विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस तिथे चालत नाही. “सगळं गेलं” म्हणत आलेल्या विद्यार्थ्याला त्याचा प्रबंध असा परत मिळतो तेव्हा फार बरं वाटतं.

एक तक्रार उरतेच. संध्याकाळची कॉपी माणसालाच करावी लागते, आणि अंकांच्या दिवसांत रात्री साडेदहाला कोणाचं तिकडे लक्ष नसतं. म्हणून या हंगामात ते काम ऑपरेटरकडे न देता मी स्वतःकडेच ठेवलंय.