दहा सेंटिमीटरच्या चार रेषा

मानसोपचाराच्या कामात ‘आउटकम रेटिंग स्केल’ आणि ‘सेशन रेटिंग स्केल’ ही दोन छोटी पत्रके मी गेली काही वर्षे वापरतो आहे. दोन्हींवर प्रत्येकी १० सेंटिमीटरच्या चार रेषा असतात; क्लायंट प्रत्येकीवर खूण करतो, डावीकडे वाईट, उजवीकडे चांगले, आणि खुणांची सेंटिमीटरमधली बेरीज म्हणजे गुण. पहिले पत्रक सत्राच्या सुरुवातीला क्लायंटची मनःस्थिती, जवळची नाती, कामधंदा आणि एकूण हालहवाल विचारते, तर दुसरे सत्र संपताना आपले ऐकून घेतले गेले का, हव्या त्या विषयावर बोलणे झाले का, पद्धत रुचली का, हे विचारते. भरायला जेमतेम मिनिट लागते. प्रौढांसाठी पहिल्यात ४० पैकी २५ ही सीमारेषा आहे; त्याखालचे गुण म्हणजे त्रास लक्ष देण्याजोगा.

खरा उपयोग मात्र दुसऱ्याचा. एका क्लायंटने हसतमुखाने निरोप घेताना विषयाच्या रेषेवरची खूण मध्याच्याही डावीकडे केली, तेव्हा तासभर मी माझ्याच सोयीच्या प्रश्नाभोवती घुटमळत होतो, हे ध्यानात आले; बोलण्यात ती नाराजी कुठेच उमटली नव्हती.

उणीव अशी की, भिडेखातर पुष्कळजण सगळ्या खुणा उजव्या टोकाला करतात आणि बेरीज ३६च्या वर गेली की थेरपिस्टही निर्धास्त होतो. त्या मानाने हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची मुलांसाठीची आवृत्ती मला अधिक प्रांजळ उत्तरे मिळवून देते.