बारा वर्षांचं खोड म्हणून विकलं, निघालं मेलेलं लाकूड

एकूण ६८,००० रुपये गेले. रोझमेरी ४,५००, ‘इटालियन लॉरेल’ ७,८००, कढीपत्ता ६,५००, टेम्पो १,२०० आणि ‘झाडं सांभाळा, मी जास्त पैशांत परत घेतो’ या बायबॅक योजनेचे ४८,०००. हे सगळं लिहिताना लाज वाटते, पण बोन्साय म्हणून खोटी झाडं विकून मला फसवणारा माणूस पुण्यात अजून झाडं विकतोय असं कानावर आलं, म्हणून लिहिते.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आले आणि डोक्यात बसलं की आपणही बोन्साय, म्हणजे कुंडीतलं छाटून बुटकं ठेवलेलं झाड, करायचं, पण स्वयंपाकाला उपयोगी पडेल अशा झाडांचं. छाटणी तर बोन्सायला लागतेच, ती पानं आमटीत जातील. यात चुकीचं काय होतं? कुणाच्या तरी ओळखीतून सिंहगड रस्त्याच्या आतल्या भागातल्या एका शेडचा पत्ता मिळाला.

तो माणूस अडाणी नव्हता. रोझमेरीच्या मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, जुन्या उघड्या लाकडातून ती सहसा परत फुटत नाही म्हणून छाटताना थोडा पाला ठेवायचाच, कढीपत्त्याला मुळापासून पिलं येतात ती काढत राहायची, हे सगळं त्यानं सांगितलं. सगळं खरं होतं. मी घरी येऊन पडताळलंसुद्धा. खऱ्या माहितीत गुंडाळून खोटं विकलं तर माणूस कुठे कुठे तपासणार?

तरी एक क्षण होता. तो रोज रात्री आठवतो. बारा वर्षांचं म्हणून तो दाखवत होता ते कढीपत्त्याचं खोड मनगटाएवढं, वाकडं, एका बाजूनं पांढरं पडलेलं, बुंध्याशी दाट शेवाळ. मी शेंडा धरून जरा हलवलं. पालवी हलली, मागची बारीक हिरवी काडी हलली आणि ते जाड खोड जागचं हललं नाही. डोळ्यांनी बघितलं मी हे. झाड एकच असेल तर निम्मं हलेल आणि निम्मं नाही, असं कसं होईल? मी विचारणार तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, हात नका लावू, नवीन मुळं तुटतील. शेवाळ तर सहा महिने काढूच नका.” आणि मी हात मागे घेतला. शेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर अडाणी दिसायला नको म्हणून गप्प बसले. शेवाळाला हात लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

लॉरेलचं, म्हणजे इटालियन स्वयंपाकातल्या तमालपत्रासारख्या पानाच्या झाडाचं, तर माझ्या मनाला जास्त लागतं. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि तिला आडव्या बारीक शिरा फुटतात. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन उभ्या शिरा असतात. तीस वर्षं मसालेभातात घालतेय मी ते पान! आणि ७,८०० रुपये मोजून तमालपत्राचंच रोप घरी आणलं.

मे महिन्यात योजना आली. आठ झाडं, प्रत्येकी ६,०००, वर्षभर सांभाळायची, मग तो प्रत्येकी १५,००० ला परत घेणार. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. झाडं ‘पाऊस सुरू झाल्यावर’ येणार होती, ती आलीच नाहीत.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत गॅलरीतल्या कढीपत्त्याचं शेवाळ सुटलं. खाली स्क्रूचं डोकं, गंजलेलं. पाऊस ओसरल्यावर बघते तर बुंधा ओल्या सरपणासारखा पाणी पिऊन काळा पडलेला. कुठल्या तरी मेलेल्या लाकडाला मागून खाच पाडून त्यात वर्ष-दीड वर्षाचं रोप बसवलेलं. जपानमध्ये या पद्धतीला तानुकी म्हणतात. सांगून विकली तर ती कला आहे. बारा वर्षांचं झाड म्हणून विकली तर चोरी आहे. खरेदीआधी बुंध्यालाच नखानं किंचित खरवडून बघा, फांदीला नाही. साल जिवंत असेल तर आत हिरवं दिसतं. विकणारा नाही म्हणाला तर घेऊ नका.

फोन बंद, शेडला कुलूप. मी चौकीत गेले. “झाडं मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?” मी स्क्रू दाखवला. ते हसले. हसले! पैसे यूपीआयनं दिले म्हणून सायबर पोलिसांकडे पाठवलं. तिथे म्हणाले, तुम्ही स्वतः जाऊन भेटलात, हा सायबरचा विषय नाही, चौकीत जा. चौकीत दुसरे साहेब, परत पहिल्यापासून सगळं सांगा, झेरॉक्स परत आणा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. शेती खात्यातल्या एकानं सांगितलं की परवाना फळझाडांच्या रोपवाटिकांना लागतो, शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत. चार ठिकाणी अकरा खेपा, आणि हातात एका अर्जाची पोच. चोरापेक्षा या लोकांचा संताप जास्त येतो, कारण यांना पगार आमच्यासाठी मिळतो.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी तीन आठवडे त्याच्या फोनची वाट बघण्यात घालवले. यूपीआयवर दुकानाऐवजी भलत्याच बाईचं नाव दिसत होतं, तिथेही थांबायला हवं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण विकणाऱ्याचा पत्ता लागतो. बिलावर पूर्ण पत्ता घेतल्याशिवाय रुपया देऊ नका. माझ्या बिलावर नुसता शिक्का आहे.

रोझमेरी जुलैत काळी पडून गेली. कढीपत्त्याचं रोप लाकडातून सोडवून साध्या कुंडीत लावलंय, जगेल असं वाटतं. ते लाकूड आणि दोन्ही स्क्रू पिशवीत ठेवलेत. सोमवारी पुन्हा चौकीत बोलावलंय. सिंहगड रस्त्यावरून असं मागून खाच असलेलं झाड कुणी घेतलं असेल तर शेवाळ काढून फोटो काढा आणि आपापली तक्रार लेखी द्या. एकट्या बाईच्या अर्जाकडे कुणी बघत नाही.